कुपवाडच्या कंपनीत सिंगापूरचे पैसे आणताना

आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कुपवाड एमआयडीसीत बेदाणा शेडसाठी आर्द्रता मोजणारी यंत्रं बनवते. सिंगापूरच्या एका फंडाशी बोलणी पक्की झाल्यावर जो तो विचारायचा, "रिझर्व्ह बँकेची परवानगी काढली का?" ती लागत नाही. उत्पादन क्षेत्रात ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे आधी परवानगी न काढता, १०० टक्के परकीय गुंतवणूक चालते. फक्त फंडामागचा खरा मालक आपल्या सीमेला लागून असलेल्या देशातला असेल, तर केंद्र सरकारच्या २०२० च्या प्रेस नोट ३ या आदेशामुळे सरकारी मंजुरीचा प्रश्न येतो. म्हणून मालकीचं लेखी डिक्लेरेशन आम्ही आधीच मागवलं.

फंडाला द्यायचे शेअर्स सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स, म्हणजे पुढे साध्या शेअर्समध्ये बदलावेच लागणारे, असे ठेवले. रूपांतर ऐच्छिक ठेवलं की फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नजरेत ते कर्ज ठरतं आणि सगळे नियमच बदलतात.

व्हॅल्युएशन रिपोर्ट, विशेष ठराव, पास-४ (गुंतवणूकदाराला द्यायचं ऑफर लेटर) आणि बँकेतलं स्वतंत्र खातं, एवढं पैसे यायच्या आधी तयार हवं. कारण रक्कम जमा झाल्यापासून ६० दिवसांत शेअर्स द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. पास-३ (शेअर्स दिल्याचा कंपनी निबंधकाकडचा फॉर्म) भरेपर्यंत त्या पैशाला हातही लावता येत नाही. पगार त्यातून भागवू म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

खरी अडचण बँकेत. आमच्या सांगलीच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नव्हतं, फाइल पुण्याला जायची. फंडाच्या बँकेकडून येणारा केवायसी रिपोर्ट (फंडाच्या ओळखीची खातरजमा) सगळ्यात जास्त रेंगाळतो, त्यामुळे पैसे पाठवले त्याच दिवशी त्याची मागणी लावून घेतली. पाठवणाऱ्याचं नाव आणि करारातलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. फंडाने दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून रक्कम पाठवली, तर खुलाशाची पत्रं लिहीत बसावं लागतं. दुसरं म्हणजे मधल्या बँका आपलं कमिशन कापून घेतात आणि डॉलरचा भाव जमा होईपर्यंत कळत नाही. शेअरची किंमत रुपयांत ठरलेली, त्यामुळे रक्कम थोडी जरी कमी पडली तरी शेअर्सचा आकडा जुळत नाही. यावर उपाय सोपा: सगळे बँक चार्जेस पाठवणाऱ्याने भरायचे, हे करारातच लिहून घ्यायचं.

शेअर्स दिल्यावर १५ दिवसांत पास-३, आणि ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परकीय गुंतवणूकदाराला शेअर्स दिल्याचा फॉर्म. त्याला एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला), केवायसी, व्हॅल्युएशन आणि कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणपत्र जोडायचं. पोर्टलवर एंटिटी मास्टर (कंपनीची मूळ माहिती) भरलेला नसेल तर फॉर्मच उघडत नाही, म्हणून ती नोंद आधीच उरकावी. फॉर्म उशिरा भरला तर ७,५०० रुपये आणि वर रकमेच्या ०.०२५ टक्के दर वर्षाला, असा दंड बसतो. एफआयआरसीवरची रक्कम, ठरावातली रक्कम आणि फॉर्ममधली रक्कम यांत एका रुपयाचा फरक दिसला तरी फाइल परत येते.

त्यानंतर दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्न, म्हणजे परकीय देणी आणि मालमत्तेचं रिझर्व्ह बँकेला द्यायचं वार्षिक विवरण. त्या वर्षी नवा पैसा आला नसला तरी परकीय शेअरहोल्डर आहे तोवर ते भरावंच लागतं.