बाई, रबर काढू?

आमची शाळा वेंगुर्ले तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे तिसरी-चौथी एका खोलीत आणि दोन्ही माझ्याकडे. एकेका मुलाजवळ बसायला वेळ कुठून काढता, असं बरेचजण विचारतात. चौथीला लिहायला द्यायचं, तिसरीच्या जोड्या लावायच्या, आणि दहा मिनिटं एकाच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसायचं. समोर नाही, शेजारी. समोर बसलं की पोराला परीक्षा वाटते.

परवा तिसरीतल्या एकाने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. फुली मारून पुढे गेले असते तर कळलंच नसतं. विचारलं, "कसं केलंस रे?"

"दोनातसून सात कशे जातले? म्हणान सातातसून दोन काडलंय."

बरोबरच आहे की! डोकं चालवलंय त्याने, फक्त दशक मोडायचं असतं हे हाताला ठाऊक नाही. "हातचा घे" हे वाक्य त्याने वर्गात कित्येकदा ऐकलंय, फळ्यावर म्हणूनही दाखवतो.

मग हीर काढले, म्हणजे पातीतल्या काड्या. माडाच्या झावळीचे हीर आमच्याकडे फुकट, केरसुणीला वापरून उरतात तेवढे शाळेत. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून, वर दोन सुटे. म्हटलं, सत्तावीस मला दे. दोन गठ्ठे पटकन दिले. सुटे दोन दिले आणि थांबला. हात गठ्ठ्यावर, नजर माझ्याकडे. मी गप्प. इथे गप्प राहणं फार कठीण, जीभ नुसती वळवळते.

"बाई, रबर काडू?"

काढ म्हटलं. पाच मोजून दिले, उरलेले दोनदा मोजले. पंचवीस. मग वहीतलं उत्तर स्वतःच खोडलं.

"समजलं का?" हा प्रश्न मी हल्ली विचारतच नाही. त्याचं उत्तर कायम "हो बाई" असतं.

पालक विचारतात, ट्यूशन लावू का? ट्यूशनला वीस पोरं एकत्र बसवून तीच फळ्यावरची गणितं उतरवून घेणार असतील तर पैसे घालवू नका. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ पासून सांगतंय की तिसरीपर्यंत वाचन-गणिताचा पाया पक्का हवा. त्याचे तक्ते मी भरतेच, पण ३५ कुठून आलं ते तक्त्यात कळत नाही.

आता ४०३ वजा १६८. मधल्या शून्यापाशी निम्मी तिसरी अडणार. शंभराचे चार गठ्ठे लागतील, म्हणून चौथीची मुलं उद्या घरून हीर आणणार आहेत.