गालसियन खरंच बोलत होते

डेझर्ट्स ऑफ खराक या व्हिडिओ गेमचं कॅम्पेन काल रात्री संपलं आणि आज दिवसभर कशातच लक्ष नाही. जिंकले की. आपलं मुख्य वाहन कापिसी शाबूत, निम्म्याहून जास्त ताफा शिल्लक, खार-टोबा हे वाळूत गाडलेलं जुनं जहाज हाती लागलं, म्हणजे ज्यासाठी एवढं वाळवंट तुडवलं ते सगळं झालं. आणि क्रेडिट्स सुरू झाले तेव्हा आनंद व्हायच्या जागी पोटात खड्डाच पडला. तो अजून तसाच आहे म्हणून लिहायला बसलेय.

शेवटी काय होणार हे माहीत होतं. याच मालिकेतला पहिला गेम, होमवर्ल्ड, खेळलेल्या सगळ्यांनाच माहीत असतं. १९९९ च्या त्या गेममध्ये मदरशिप हे प्रचंड अवकाशयान हायपरस्पेसची, म्हणजे अवकाशातलं अफाट अंतर एका उडीत कापायची, चाचणी उरकून तिसऱ्या मिशनला घरी परतते तेव्हा खराक जळत असतो, अख्खा ग्रह, आणि वर कक्षेत गोठवून झोपवलेले ६ लाख लोक तेवढे उरलेले असतात, त्यांचे ट्रे माऱ्यातून वाचवायचे आणि निघायचं, मागे परतायला काही नाहीच. मग त्याच ग्रहाच्या नावाचा प्रीक्वेल, त्यातल्या गोष्टी साधारण १०० वर्षं आधीच्या, खेळायला घेतला तर हे सगळं डोक्यात असणारच, त्यात नवीन काय, असं सकाळपासून स्वतःलाच समजावतेय. पण मला जे टोचतंय ते हे नाहीये. ग्रह जळणार हे माहीत असणं वेगळं, आणि तो जळायची सुरुवात आपल्या हाताने करून देणं वेगळं.

गालसियनांचं, म्हणजे या गेममध्ये आपल्याशी लढणाऱ्या वाळवंटातल्या टोळीचं, म्हणणं तरी काय होतं? की आपल्याला इथे शिक्षा म्हणून आणून टाकलंय, इथून वर जायचं नाही, गेलात तर सजूक देवाचा कोप होईल. बस एवढंच. आणि आपण गेमभर त्यांना धर्मवेडे समजून चिरडत जातो. रेडिओवर त्यांच्या धमक्या यायच्या आणि मला उलट चेवच चढायचा, रेलगन, म्हणजे लांबून मारा करणाऱ्या गाड्या, टेकडीवर चढवायच्या, खालून त्यांच्या गाड्या रांगेत येऊ द्यायच्या आणि एकेक करून उडवायच्या. उंचावरून मारा जास्त लागतो आणि खालच्यांना वाळूच्या उंचवट्याआडचं दिसतसुद्धा नाही, हे एकदा कळलं की गालसियन मरतातच मरतात.

आणि पहिल्या गेममध्ये शत्रूच्या त्या पकडलेल्या फ्रिगेटचा, म्हणजे लढाऊ जहाजाचा, कॅप्टन चौकशीत काय सांगतो? की हायपरस्पेस वापरायचं नाही असा हजारो वर्षांपूर्वीचा करार होता, तो मोडला, म्हणून खराक जाळला. सांगतो आणि मरतो. म्हणजे कोपणारा देव नव्हता, ताईदान साम्राज्य होतं, एवढाच काय तो फरक. बाकी हद्दपारी खरी, मनाई खरी, शिक्षा पण खरी. आणि तो करार मोडायला जी वस्तू लागते, तो हायपरस्पेस कोअर, तो ज्या जहाजात पडून होता तिथपर्यंत वाट कोणी काढून दिली, तर मी. रस्त्यात जे "जाऊ नका" म्हणत उभे होते त्यांना बाजूला सारत सारत.

हेच दिवसभर डोक्यात फिरतंय. जेवताना, काम करताना. कोणाला सांगायची पण सोय नाही, एका गेममधल्या टोळीवर अन्याय झाला म्हणून तोंड पाडून बसलेय हे ऐकून समोरचा काय म्हणणार. ज्याला सांगितलं असतं त्याचं आता... असो.

दादाला हा गेम मुळात नकोच होता. २०१६ ला आला तेव्हा त्याचं एकच पालुपद, अवकाशाशिवाय कसला होमवर्ल्ड, वर-खाली सगळीकडून जहाजं फिरवता यायची ती मजाच गेली, आता काय वाळूत रणगाडे फिरवायचे. त्यातून हा सुरुवातीला होमवर्ल्ड म्हणून बनतच नव्हता, हार्डवेअर म्हणून वेगळंच काहीतरी चाललं होतं, होमवर्ल्डचे हक्क गिअरबॉक्स कंपनीकडे गेल्यावर त्याला हे नाव मिळालं, म्हणून तर दादाचा राग अजून जास्त. पण बनवणाऱ्या ब्लॅकबर्ड स्टुडिओत पहिल्या गेमवर काम केलेली, रेलिक स्टुडिओची जुनी माणसं होती, आणि ते कळतं, खरंच कळतं. रेडिओवरचे ते शांत आवाज, चहूबाजूंनी आग लागलेली असताना पण एकसुरात रिपोर्ट देणारे. सेन्सर मॅनेजर, म्हणजे पूर्ण नकाशा, उघडला की सगळं ठिपक्यांएवढं होऊन जातं ते. कापिसीच्या पॉवरची वाटणी तर मला फारच आवडली, चिलखताला द्यायची की मिसाइलला की दुरुस्तीला, आणि जास्त ताणलं तर ती तापते, म्हणजे एवढी मोठी चालती-फिरती छावणी आणि तिला पण जपावं लागतं. गेमची नायिका रेचल, तिचं भावाला शोधत त्या वाळवंटात उतरणं पण मला... त्यावर आज नको.

एका गाडीबद्दल मात्र लिहायचंय. साधी एलएव्ही, म्हणजे हलकी हल्ला करणारी गाडी, ताफ्यातली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात आधी मरणारी. या गेममध्ये ताफा एका मिशनमधून पुढच्यात तसाच्या तसा येतो, कमावलेल्या बढत्यांसकट, त्यामुळे ही एक टिकत टिकत पार वरच्या रँकला गेली होती. वळताना तिचं मागचं अंग वाळूत घसरायचं, धुळीचा पट्टा उठायचा आणि ती परत रांगेत. मी तिला मागे ठेवायला लागले, आधी सगळ्या नव्या गाड्या पुढे पाठवायच्या आणि ही मागून. शेवटच्या लढाईत पण वाचली. आणि काल ती वाचली हे बघून इतकं बरं वाटलं आणि लगेच मनात आलं की आतली माणसं घरी जाणार, त्यांना मुलं होणार, त्यांच्या मुलांना मुलं होणार, आणि मग... १०० वर्षं म्हणजे फार नसतात. त्या ६ लाखांत त्यांचं कोणी असेल का? बाकी सगळे तर खाली होते. गालसियनांची पतवंडं पण खालीच.

हे वाक्य लिहून जरा थांबले. चहा केला.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. वाळवंट पसरतच चाललं होतं, गेमची सुरुवातच तिथून आहे, ग्रह मरणाला टेकलेला. गालसियनांचं ऐकून सगळे गप्प बसले असते तर मेलेच असते, फक्त हळूहळू, आणि वाळूत. कोअर सापडला नसता तर मदरशिप नाही, मदरशिप नाही तर ते ट्रे नाहीत, आणि हीगारा म्हणून आपलं मूळ घर आहे हे कोणाला कळलं पण नसतं. रेचलचं चुकलं असं मी कुठल्याच तोंडाने म्हणू शकत नाही, तिच्यासमोर जे होतं त्यावरून तिने केलं ते बरोबरच. पण गालसियनांकडे पण हजारो वर्षं जपलेली आठवण होती, तिला देवाचं नाव लावलेलं म्हणून आपण ती ऐकूनच घेतली नाही, आणि बनवणाऱ्यांनी हे कुठेही मुद्दाम बोट दाखवून सांगितलेलं नाही, दोन्ही गेम खेळलेल्याला आपोआप कळावं म्हणून सोडून दिलंय. म्हणून हा गेम एवढा लागला मला. पहिला खेळले होते तेव्हा जळणाऱ्या ग्रहावर माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, आता आहे.

तर खड्डा आहे तो राहू दे. एवढं वाईट वाटायला लावणारं हल्ली फार कमी खेळायला मिळतं, आणि जिंकल्यावर मला नुसतं "व्हिक्टरी" बघून झोपायचं असतं तर खेळायला दुसरे शंभर गेम होतेच.

पहिल्या होमवर्ल्डची रिमास्टर्ड आवृत्ती डाउनलोडला लावलीय. तिसऱ्या मिशनला या वेळी सॅल्व्हेज कॉर्व्हेट, म्हणजे शत्रूची जहाजं ओढून आणणारी छोटी यानं, आधीपासून तयार ठेवायच्यात, दोन-तीन जास्तीच्या. ट्रेवर मारा करणाऱ्या त्या फ्रिगेट्स फोडायच्या नाहीत, जमतील तेवढ्या ओढून आपल्याकडे आणायच्या.