कावळ्याचं पीस

दुपारी वाळलेल्या चादरी काढायला गॅलरीत गेले, तर कठड्यावर कावळ्याचं पीस. आई असती तर आतूनच ओरडली असती, "हात लावू नकोस गं!" लहानपणी कावळा नुसता शिवला तरी डोक्यावरून अंघोळ. मी मात्र पीस उचललं आणि त्याच्या दांडीचं टोक नखानं वाकवून बघत बसले. चिवट असतं. वाकतं, मोडत नाही.

हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या युरोपी वाद्याला याच चिवटपणाचं मोल. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडी कांडी वर उठते, कांडीत खोचलेला पिसाचा इवलासा तुकडा तार छेडतो. हल्ली प्लॅस्टिक वापरतात, पण पूर्वी कावळ्याचं पीस असायचं. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज जवळजवळ तेवढाच.

आमचे पेटीचे मास्तर आठवले. मी बोटं आपटायला लागले की म्हणायचे, "पेटी आहे ती, खलबत्ता नाही. आवाज भात्यात असतो." इथे तर भाताही नाही. मग वाजवणाऱ्यानं करायचं काय?

थांबायचं. हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लिओनहार्ट ऐकताना हे कळतं. आधीचा सूर जरा लवकर सोडायचा, पुढच्याला केसभर ताटकळत ठेवायचं, की तो आपोआप ठसठशीत वाटतो. हा डच माणूस 1950 साली व्हिएन्नात अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखचं 'आर्ट ऑफ फ्यूग' घेऊन रसिकांसमोर आला, आणि पुढची साठ वर्षं कोटाची गुंडी न सोडता ताठ बसून वाजवत राहिला. डोलणं नाही, डोळे मिटणं नाही. मला हे फार आवडतं. आपल्याकडे तानेगणिक चेहरे पिळवटणाऱ्यांना लोक 'तल्लीन' म्हणतात. मी खाली सतरंजीकडे बघत ऐकते. 1968 च्या एका चित्रपटात तर त्यानं विग चढवून खुद्द बाख उभा केला. अभिनय जवळजवळ नाहीच, कॅमेऱ्यासमोर बसून खरोखरीचं वाजवणं.

संचालनातही तेच. बाखचे दोनशेच्या आसपास कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, त्यानं आणि ऑस्ट्रियन संचालक हार्नोनकूर्टनं ध्वनिमुद्रणासाठी वाटून घेतले. 1971 पासून जवळजवळ वीस वर्षं चाललेलं काम. स्त्रियांऐवजी बहुतेक ठिकाणी मुलगे गातात. वरच्या सुरावर एखाद्या पोराचा आवाज किंचित थरथरतो, तिथे मला दरवेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो.

असा हा माणूस ॲमस्टरडॅमला कालव्याकाठच्या सतराव्या शतकातल्या घरात राहायचा आणि अल्फा रोमिओ पळवायचा! तिथे मात्र थांबणं वगैरे काही नसावं.

12 डिसेंबर 2011 ला पॅरिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. यापुढे वाजवणार नाही, असं कळवून टाकलं. 16 जानेवारीला गेलाच.

पीस परत कठड्यावर ठेवलं. हात धुतले, साबण लावून, दोनदा.

आईच्या दहाव्याला कावळा शिवेना. समोरच्या फांदीवर येऊन बसला होता, मान तिरकी करून पिंडाकडे बघत होता, पण खाली उतरेना. कोणी काय कबूल केलं, कोणी काय. पाऊण तास आम्ही सगळे उन्हात उभे होतो, आणि कोणी जागचं हलत नव्हतं.