जावा की डॉटनेट? आधी जुनं काय पडलंय ते बघा

कारखान्याचं सॉफ्टवेअर जावात करायचं की मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये? नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखानदारांचा हा नेहमीचा प्रश्न. वेगाच्या नावाने भांडण्यात आता अर्थ नाही, बिलिंग आणि स्टॉकला दोन्ही पुरून उरतात. निकाल लावतं ते ऑफिसात आधीपासून चालणारं सॉफ्टवेअर.

ते डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर असेल आणि कुणी म्हणालं, ‘डॉटनेट ८ वर नेऊ, एकच तर आहे’, तर सावध व्हा. नाव एक, कूळ वेगळं. २०१६ साली डॉटनेट कोर आलं (डॉटनेट ८ त्याच्याच वंशातलं), तेव्हाच वेब फॉर्म्स, म्हणजे वेब पानं बनवायची जुनी पद्धत, मागे राहिले. ती पानं नव्याने लिहावी लागतात. क्रिस्टल रिपोर्ट्स, म्हणजे छापील रिपोर्ट बनवणारं साधन, तेही जुन्या फ्रेमवर्कलाच बांधलेले. म्हणून कोटेशन मागताना स्क्रीन नंतर मोजा, आधी रिपोर्ट मोजा: चलन, गेटपास, स्टॉक रजिस्टर, सगळे. बजेट फुटतं ते इथेच.

जावाचा खड्डा लायसन्सचा. जानेवारी २०२३ पासून ऑरेकलचं जावा सबस्क्रिप्शन एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे. कारखान्यात माणसं २००, जावा वापरणारे ४, तरी हिशेब २०० चाच. त्याऐवजी टेमुरिन किंवा कोरेटो ही जावाची दुसरी रूपं टाका. मूळ ओपनजेडीके, म्हणजे जावाचा खुला सोर्सच, आणि फुकट. मात्र कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवरचा ऑरेकल जेडीके (ऑरेकलचं जावा) आधी तपासा. त्याची कुणालाच आठवण नसते.

जावाची वेब ॲप्स चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरच्या ९ व्या आवृत्तीवर धावणारी वॉर फाइल (ॲपचं बांधलेलं गाठोडं) १० वर टाकली की ‘क्लास सापडत नाही’ म्हणून अडते. कोडमधल्या पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालंय, एवढंच कारण. जावात ॲप उभारायचा तयार सांगाडा, स्प्रिंग बूट ३, घ्यायचं तर जावा १७ हवंच.

‘सकाळी पहिल्यांदा उघडलं की नुसतं गोल फिरत राहतं’ ही तक्रार डॉटनेटवाल्यांची. २० मिनिटं कुणी फिरकलं नाही की आयआयएसचा, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरचा, ॲप पूल (ॲप चालवणारा भाग) झोपी जातो. त्याच्या सेटिंगमध्ये आयडल टाइमआउट शून्य करा, स्टार्ट मोड ‘ऑलवेज रनिंग’ ठेवा. यासाठी नवा सर्व्हर विकणारे भेटतात, तो घेऊ नका.

आणि मराठी! एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये नावाच्या कॉलमचा प्रकार ‘व्हारचार’ ठेवला तर इतवारीतल्या व्यापाऱ्याचं नाव बिलावर ‘?????’ छापून येतं. देवनागरी साठवणारा ‘एनव्हारचार’ घ्या. तरीही प्रश्नचिन्हं आली तर डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत (क्वेरीत) मजकुराच्या अवतरणाआधीचा ‘एन’ बहुधा राहिलाय. प्रश्नचिन्हं एकदा साठली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, नावं पुन्हा टाइप करावी लागतात.

जुनं काहीच नसेल तर जो माणूस ते सांभाळणार, त्याच्या हातचं घ्या. मात्र नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस बसलेत. सॉफ्टवेअर सांभाळणारा तुमचा पोरगा उद्या तिकडे जाऊ शकतो. सोर्स कोड आणि डेटाबेसचा पासवर्ड पहिल्या हप्त्यासोबतच लिहून ताब्यात घ्या.