हवा संपली तर?

"आणि डायव्हिंग करताना खाली ऑक्सिजन संपला तर गं?" आत्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं.

पहिली गोष्ट, पाठीवर नुसता ऑक्सिजन नसतो हो. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली ओढत राहिलं तर झटके येऊ शकतात. ५० मीटरला आम्ही ट्रायमिक्स नेतो, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हीलियमचं मिश्रण. हीलियम नसेल तर नायट्रोजनची झिंग चढते.

दुसरी गोष्ट, पाठीवरचा गॅस असा अवचित संपत नाही. वर मिनिटाला १८ लिटर लागत असतील तर ५० मीटरला, ६ बार दाबाखाली, १०८ लागतात. पाठीवर १२-१२ लिटरच्या सिलिंडरांची जोडी, २०० बार भरलेली, म्हणजे ४८०० लिटर. हिशेब किनाऱ्यावरच होतो आणि तो दोघांचा असतो. समजा जोडीदाराचा सगळा गॅस गेला, दोघंही घाबरून मिनिटाला तीस-तीस लिटर ओढतायत, २ मिनिटं गोंधळात गेली आणि २१ मीटरपर्यंत यायचंय, कारण डेकोचं, म्हणजे वर येताना थांबे घेत ओढायचं, जास्त ऑक्सिजनचं नायट्रॉक्स त्याच्या खाली चालत नाही. आमचा आकडा आला ७० बार. दाब दाखवणारं गेज तिथे टेकलं की निघायचं.

इतकं मी सगळ्यांना सांगते.

इजिप्तमध्ये दहाबला ब्लू होल आहे, समुद्रातला खोल खड्डा. काठावरच्या कड्यावर तिथे बुडालेल्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. त्या वाचूनच आम्ही उतरलो. ५० मीटरच्या आसपास कमान दिसायला लागते आणि पलीकडून निळा उजेड येतो. जोडीदाराने खुणेनं विचारलं, किती? गेज ७० वर होतं. मी आकडा दाखवलाच नाही, नुसतं ओके केलं आणि कॅमेरा उचलला.

मग त्याच्या उजव्या खांद्यामागून बुडबुडे फुटले. रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो, सुटला होता, गॅस नुसता वाहत होता. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, पण डावा. चूक कळून उजवा बंद होईपर्यंत जवळजवळ सगळा गॅस गेला होता. त्याने गळ्यावर हात आडवा फिरवला, गॅस संपल्याची खूण. मी तोंडातला रेग्युलेटर लांब होजसकट त्याला दिला, गळ्यात अडकवलेला दुसरा स्वतः घेतला. माझं गेज ५०.

वर येताना मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. फक्त काटा. चाळीस. तीस. २१ मीटरवर नायट्रॉक्स तोंडात धरलं तेव्हा पाठीवर १० उरले होते. पुढे डेकोचा सगळा वेळ आम्ही समोरासमोर लटकून होतो.

तेव्हाची मी अजून भांडते. म्हणते, पोचलात ना? ७० हा आकडाच घाबरटपणाचा होता, पन्नासात काम झालं की. मी म्हणते, त्याला उजवा व्हॉल्व्ह सापडायला अजून अर्धं मिनिट लागलं असतं तर? ती म्हणते, मग आधी डावा कुणी फिरवला? चूक त्याचीच होती. यावर मला नीट उत्तर सुचत नाही. चूक त्याचीही होतीच.

किनाऱ्यावर चहा घेताना त्याचे हात थरथरत होते. "तू होतीस म्हणून," म्हणाला. मग विचारलं, "तुझ्याकडे किती उरलं होतं गं?"

"पुरेसं," मी म्हटलं.

तो फोटो हलला होता. अजून डिलीट केलेला नाही.