तुम्ही विचारलेत म्हणून: पोराला पोकलेनवर बसवावे का?

जालना जिल्ह्यातल्या माझ्या गावी गेलो की पारावर, लग्नाच्या मांडवात, कधी दशक्रियेच्या पंगतीतसुद्धा एक प्रश्न मला हटकून विचारला जातो. पोरगा बारावीला अडकला आहे, शेतीत त्याचे मन लागत नाही, त्याला पोकलेनवर, म्हणजे खोदकामाच्या मोठ्या मशीनवर बसवले तर पगार किती मिळेल आणि पुढे त्याचे काही होईल का? मी २१ वर्षे मशीन चालवले आणि गेली ७ वर्षे रस्त्याच्या एका ठेकेदाराकडे मशिनरी इन्चार्ज म्हणून ऑपरेटर नेमण्याचे काम करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक आहे. उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, आणि अर्धवट उत्तराच्या भरवशावर कोणाच्या मुलाने उमेदीची वर्षे घालवावीत हे मला पटत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी आकडे, कारण तुम्हांला तेच हवे असतात. मी ज्या साइटवर माणसे नेमतो आणि ज्या शेजारच्या साइटचे मला ठाऊक आहे, तिथे हेल्परला जेवणखाण आणि राहण्याची सोय धरून महिना १० ते १४ हजार रुपये मिळतात. जेसीबीवरच्या ऑपरेटरला १८ ते २५ हजार आणि २० टनी पोकलेनवर हात बसलेल्या माणसाला २२ ते ३२ हजार मिळतात. ग्रेडर (रस्त्याचे थर लेव्हलमध्ये ओढणारे मशीन) किंवा पेव्हर (डांबराचा थर पसरणारे मशीन) चालवणारा ३५ ते ५० हजार घेतो, आणि पायलिंग रिगवरचा, म्हणजे पायासाठी खोल भोके पाडणाऱ्या मशीनवरचा, किंवा मोठ्या क्रेनवरचा जुना माणूस त्याच्याही पुढे जातो. (ज्याला आपण सर्रास पोकलेन म्हणतो ते मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव आहे. तिची यंत्रे आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने बनवायला घेतली, आणि पुढे टाटा हिताची आली, कोमात्सु आली, तरी लोकांच्या तोंडी ते पहिले नावच राहिले.)

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. ग्रेडर हे २० टनी पोकलेनपेक्षा वजनाने हलके असते, ते खडक फोडत नाही की हायवा (माती-खडीचा मोठा डंपर) भरत नाही, तरीही त्यावर बसणाऱ्याला जवळपास दीडपट पगार का मिळतो? मला हे कळायला बरीच वर्षे लागली. या धंद्यात पगार मशीनच्या आकारावरून ठरत नाही, तर त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची चूक मालकाला किती महागात पडेल यावरून ठरतो. मुरूम भरताना बकेट चार इंच इकडे-तिकडे गेली तर कोणाचेही काही बिघडत नाही. पण खडीचा शेवटचा थर ग्रेडरने ओढताना लेव्हल १५ मिलिमीटर चुकली आणि ती किलोमीटरभर तशीच चुकत गेली, तर वर घालावे लागणारे डांबर लाखांत जाते आणि उताराचे पाणी रस्त्यावरच साचते. क्रेनच्या बाबतीत तर चुकीची किंमत पैशात मोजताच येत नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. चूक नेमकी कोणाची, यावर मी बोलणार नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस आमच्या साइटवर क्रेनच्या आसपास कोणी मोठ्याने बोललेसुद्धा नाही.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो, कारण ती मला शिकवून गेली. २००४ साली एका तालुक्याच्या गावाबाहेर मी गटाराचा चर खणत होतो. जमिनीखालून पाण्याची मोठी लाइन गेली आहे हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. बकेटचे दात लाइनवर बसले आणि काही क्षणांत चर पाण्याने भरला. ऐन एप्रिलमध्ये गावाला दोन दिवस पाणी मिळाले नाही. मालकाने माझा एक पगार कापला, त्याचे मला आजही विशेष वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांच्या समोरून मला मशीन न्यावे लागले, ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर चर खणण्याआधी मी खाली उतरून, दोन माणसांना विचारून आणि हाताने चाचणी खड्डा घेऊनच बकेट लावू लागलो. ही सवय लागल्यावर गॅसच्या आणि केबलच्या लाइनजवळची कामे मला मिळू लागली, आणि त्याच मशीनवर, त्याच खुर्चीवर माझा पगार वाढला.

म्हणून ‘पोकलेनवर पगार किती’ असे विचारण्याऐवजी मुलगा कोणत्या कामाकडे जाणार आहे ते विचारा. नुसत्या मातीकामावर दहा वर्षे काढलेला माणूस आणि दोन वर्षांत उतार, लेव्हल, पाइपलाइन, ब्रेकर (बकेटच्या जागी लावायचा खडक फोडणारा हातोडा) अशी कामे शिकलेला माणूस, यांत मी दुसऱ्याला आधी बोलावतो.

पगाराच्या आकड्याची दुसरी बाजू तासांची आणि महिन्यांची आहे, आणि नेमकी तीच घरच्यांना कोणी सांगत नाही. समजा एका मालकाने २६ हजार कबूल केले आणि महिन्याचे २६ दिवस रोज १२ तास काम घेतले, तर दिवसाचे १,००० आणि तासाचे साधारण ८३ रुपये पडले. दुसऱ्याने २०,८०० दिले आणि ८ तासांवर काम थांबवले, तर तासाचे १०० रुपये पडले. गावात मात्र पहिल्याचे नाव होते. शिवाय आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की मातीकाम थांबते, ते दसऱ्यापर्यंत सुरळीत होत नाही. या चार महिन्यांत लहान मालक ऑपरेटरला घरी पाठवतो. मग २६ हजारांचे आठ महिने म्हणजे २ लाख ८ हजार झाले, आणि ते बारा महिन्यांवर पसरले तर हातात महिना १७ हजारांच्या आसपासच उरतात. म्हणून नोकरी धरताना पावसाळ्यात अर्धा तरी पगार देणार का, खाडा कसा कापणार आणि घरी जायला किती दिवसांनी सुट्टी देणार, हे तीन प्रश्न पगाराच्या आधी विचारावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

उचलीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. बहिणीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला, दवाखान्याला म्हणून पोरगा मालकाकडून ५० हजार किंवा लाख रुपये उचल घेतो आणि त्या दिवसापासून त्याचा पगार ठरवण्याचा अधिकार त्याच्या हातातून जातो. दुसरीकडे चांगली संधी आली तरी तो हलू शकत नाही, आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. मी स्वतः पूर्वी एका ठेकेदाराकडे अडकलो होतो. काम संपल्यावर तो तीन महिन्यांचा पगार थकवून निघून गेला आणि माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती. म्हणून पगार बँकेत जमा होणारी, भविष्यनिर्वाह निधी कापणारी नोकरी दोन हजारांनी कमी असली तरी ती घ्यावी. आणि मुलाने रोजच्या लॉगशीटचा, म्हणजे अवरमीटरचे (मशीन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरचे) आकडे, डिझेल आणि कामाचा प्रकार यांच्या नोंदीचा, मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. पगाराचा वाद झाला तर तोच पुरावा असतो, आणि नव्या ठिकाणी अनुभव सांगतानाही तोच उपयोगी पडतो.

शिकण्याचा रस्ता अजूनही बहुतेकांचा हेल्परकीतूनच जातो. हेल्परने पहाटे ग्रीसिंग करायचे, तेल-पाणी तपासायचे, बकेटची पिन झिजली का ते पाहायचे, आणि दुपारी ऑपरेटर जेवायला बसला की त्याच्या परवानगीने दहा मिनिटे लिव्हरला हात लावायचा, अशी वर्ष-दीड वर्षे जातात. या काळाला अनेक आईबाप वाया गेलेला काळ म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. हायड्रॉलिकच्या पंपाचा आवाज बदलला हे ज्याला हेल्पर असताना कळू लागले, तो पुढे मालकाचे पंपाचे लाखांचे नुकसान वाचवतो, आणि मालक त्याला सोडत नाही. याला जोड म्हणून आता इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवता येते. जुन्या ऑपरेटरलाही आधीच्या अनुभवावर परीक्षा देऊन ते घेण्याची सोय आहे. मोठ्या कंपन्या आणि मेट्रोसारखी कामे ते कागद मागतात, गावातला मालक मागत नाही. जेसीबी चाकांवर रस्त्याने जाते, तेव्हा तिच्यासाठी योग्य वर्गाचा वाहन परवानाही हवाच, कारण अपघात झाला की विमा कंपनी सर्वांत आधी तोच पाहते.

दहावीबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे. ‘मशीनच चालवायचे तर दहावी कशाला’ असे म्हणून नववीतून मुलाला काढू नका. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर परदेशगमनासाठी सरकारी मंजुरीची अट पडते, आणि सौदी अरेबिया, कतार, कुवेत, संयुक्त अरब अमिराती अशा देशांत कामाला जाताना ती मंजुरी घ्यावी लागते. हे मुलांच्या संरक्षणासाठी आहे, पण घाईत असलेला मुलगा ती टाळण्यासाठी दलालाच्या नादी लागतो आणि पर्यटक व्हिसावर जाऊन फसतो. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि एजंटची नोंदणी खरी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. आखातात पगार इथल्यापेक्षा चांगला असतो, पण उन्हाळा, एकटेपणा आणि करारातल्या अटी यांचा हिशेब तोच माणूस नीट करू शकतो, ज्याला करार वाचता येतो.

शरीराचे काय होते, हे विचारणारे फार थोडे भेटतात. ब्रेकर लावलेल्या मशीनवर दिवसभर बसले की कंबर आणि मणके हादरे खातात, कान कमी ऐकू लागतात, आणि एसी नसलेल्या केबिनमध्ये धूळ छातीत जाते. चाळिशीनंतर माझ्या बरोबरीच्या बहुतेकांना पाठीचे दुखणे आहे. म्हणून चाळिशीच्या आत खुर्चीवरून उतरण्याची वाट तयार ठेवावी लागते. कोणी माझ्यासारखा मशिनरी इन्चार्ज होतो, कोणी कंपनीच्या सर्व्हिस विभागात मेकॅनिक होतो, कोणी प्रशिक्षक होतो. या तिन्ही वाटांवर थोडे वाचन-लेखन आणि मोबाइलवर हिशेब ठेवण्याची सवय लागते.

चौथी वाट स्वतःचे मशीन घेण्याची आहे, आणि प्रत्येक ऑपरेटरला तिचेच स्वप्न पडते. नवी जेसीबी ३० लाखांच्या पुढे जाते आणि चार वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिना ७० हजारांच्या घरात बसतो. तासाचे भाडे १,१०० धरले आणि त्यातून डिझेल, ऑपरेटर आणि टायर-दुरुस्ती वजा केली, तर माझ्या हिशेबाने हातात साधारण ४४० रुपये राहतात. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्याला १६० तास काम हवे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मशीन पत्र्याखाली उभे असले तरी हप्ता थांबत नाही. आमच्या भागात मोसंबीच्या बागांसाठी शेततळी, विहिरी, नाल्यांचे खोलीकरण, तलावातला गाळ काढणे अशी कामे फेब्रुवारीपासून मेपर्यंत भरपूर असतात, म्हणून घाईने मशीन घेतले जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात ते फायनान्स कंपनी ओढून नेते. ज्याच्याकडे आधीपासून स्वतःची वीस-पंचवीस गिऱ्हाइके आहेत आणि चार हप्त्यांची रक्कम बाजूला आहे, त्यानेच या वाटेला जावे, आणि त्यानेही आधी जुने मशीन घेऊन पाहावे.

मुलींबद्दल मला आजवर एकाही बापाने विचारलेले नाही. लिव्हर फिरवायला ताकद लागत नाही, नजर आणि सबुरी लागते, आणि या दोन्ही गोष्टी मुलींकडे असतात. अडचण आहे ती साइटवर स्वच्छतागृह आणि राहण्याची सुरक्षित जागा नसण्याची, आणि ती अडचण आमच्यासारख्या लोकांनी दूर करायला हवी.

कामाचा तुटवडा पडेल का, ही शंकाही मला विचारली जाते, विशेषतः ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याने जालन्याच्या आणि बुलढाण्याच्या कितीतरी पोरांना हेल्परचे ऑपरेटर केले. आता त्यांतले काही बुलेट ट्रेनच्या कामावर पालघरकडे आहेत, काही खाणींत चंद्रपूरला आहेत, आणि काही गावी परतून जेसीबीवर मिळेल ते काम करतात. परतलेल्यांत बहुतेक जण असे आहेत ज्यांनी तीन-चार वर्षे फक्त हायवा भरल्या.

तेव्हा मुलाला पाठवायचेच असेल तर दिवाळीनंतर हंगाम सुरू झाल्यावर पाठवू नका, जुलैत पाठवा. त्या वेळी मशीन यार्डात उघडून ठेवलेले असते, पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडरचे सील, चेनचे रोलर सगळे डोळ्यांसमोर असते, आणि मिस्त्रीला हाताखाली माणूस हवा असतो. पगार तेव्हा कमी मिळेल. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत द्या, आणि घरखर्चाला उचल मागू नका.