नववा प्रश्न

नाशिकच्या छोट्या दवाखान्यांतल्या सिस्टरना मी नैराश्याची प्राथमिक तपासणी करायला शिकवते. हे कळलं की डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे हेच विचारतात: "जीव द्यायचं मनात येतं का, असं तोंडावर विचारलं तर नसलेलं खूळ डोक्यात शिरणार नाही का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

नाही शिरत. यावर पुष्कळ अभ्यास झालेत आणि विचारल्यामुळे असे विचार वाढतात असं त्यांत दिसलेलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. भीती असते ती विचारणाऱ्यालाच.

आम्ही पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त झाली की डॉक्टरांनी नीट तपासायचं. तेवढ्यावरून कुणाला डिप्रेशनचा शिक्का मारायचा नाही. थकवा थायरॉईडनेही येतो, अंगात रक्त कमी असलं तरी येतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, पेशंट डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जात नाही आणि तोवर एकटा बसत नाही.

सरावात मी पेशंट होते. झोप, भूक, कामात मन लागणं, इथपर्यंत सिस्टर छान विचारतात. नवव्याला मान खाली जाते, आवाज बारीक होतो आणि "असलं काही येत नाही ना हो मनात?" म्हणत पेन शून्यावर टेकलेलंसुद्धा असतं. मग पेशंट कशाला हो म्हणेल? म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावते: "गेल्या दोन आठवड्यांत, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असं कधी वाटलं का?" डोळ्यांत बघून, आणि पुढे गप्प बसून. गप्प बसणं सगळ्यात जड जातं. (शिकवणारीलासुद्धा!) आणि वजनकाट्याजवळ, सासू शेजारी उभी असताना विचारायचं नाही, हेही सांगावं लागतं.

निफाड-दिंडोरीकडच्या सिस्टरना मी आणखी एक विचारायला सांगते: "फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?" द्राक्षबागवाल्यांकडे ते पडवीत, हाताशी असतं. जीव द्यावासा वाटण्याची ती झटक्याची घटका टळली तर पुष्कळदा जीव वाचतो. त्यामुळे घरच्या माणसाला बोलावून ते कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवायला लावणं, हे माझ्या मते गोळ्यांइतकंच महत्त्वाचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही टेबलावर चिकटवलेला हवा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर म्हणतात, ओपीडीत एवढा वेळ कुठे? मग पहिले दोनच प्रश्न सगळ्यांना विचारा: उदास वाटतं का, कशात रस वाटेनासा झालाय का. त्यांची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढचे सात. पण "हो" म्हणणाऱ्याला कोण बघणार, मानसोपचारतज्ज्ञाकडे कुठे पाठवणार, हे ज्या दवाखान्यात ठरलेलं नाही, तिथे मी कागद वाटतच नाही. आधी ते ठरवा म्हणते, मग मला बोलवा.